संताआधीचा गायक

आश्विन वद्य पंचमीच्या दुपारी मोझरीच्या गुरुकुंजात पाय ठेवायला जागा नसते. वऱ्हाडातून, नागपूर-चंद्रपूरकडून, मध्य प्रदेशातून आलेली माणसं, भगव्या टोप्या, डोक्यावरची गाठोडी, हातातल्या खंजिऱ्या. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटं होतात आणि एवढा जनसमुदाय एका क्षणात गप्प होतो. शेजारून जाणाऱ्या नागपूर-अमरावती महामार्गावरची वाहनंही जागच्या जागी थांबतात. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी याच वेळी तुकडोजी महाराजांनी देह ठेवला. ही मौन श्रद्धांजली इतक्या वर्षांत चुकलेली नाही.

ज्या माणसानं आयुष्यभर गाऊन लोक गोळा केले, त्याला लोक गप्प राहून वंदन करतात. त्यांच्याबद्दल आपण पुष्कळ लिहिलं. राष्ट्रसंत म्हणून लिहिलं, समाजसुधारक म्हणून लिहिलं, ग्रामगीतेचे कर्ते म्हणून लिहिलं. नागपूर विद्यापीठाला २००५ साली त्यांचं नाव दिलं. पण गायक म्हणून त्यांच्याकडं फार कमी पाहिलं, असं माझं स्पष्ट मत आहे. संत, सुधारक, स्वातंत्र्यसैनिक ही सगळी नावं मागाहून आली. यावलीचा माणिक, म्हणजे पुढचे तुकडोजी, आधी गात होता.

धामणगाव रेल्वे या गावात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. इथून कुऱ्हा-तिवसा करत मोझरी गाठता येते, वाटेत डावी-उजवीकडं जी गावं लागतात त्यांतल्या बहुतेक गावांत महाराजांचं गुरुदेव सेवा मंडळ आहे, आणि मंडळ आहे तिथं खंजिरी आहे. कापूस घरात यायच्या दिवसांत, संध्याकाळी जिनिंगची घरघर थांबली की सामुदायिक प्रार्थना ऐकू येते. भेटल्यावर ‘राम राम’ म्हणणारे जसे आहेत, तसे ‘जय गुरु’ म्हणणारेही आहेत.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. वडील बंडोजी, आई मंजुळाबाई. घरची गरिबी अशी की शाळा तिसरीच्या पुढं सरकली नाही. बालपणाचा मोठा काळ आईच्या माहेरी, वरखेडला गेला, आणि तिथं आडकोजी महाराजांची संगत लागली. माणिकचा ‘तुकड्या’ केला तो आडकोजींनी. भाकरीच्या तुकड्यावर जगणाऱ्या पोराला गुरूनं दिलेलं ते नाव पुढं त्यांनी स्वतःच्या प्रत्येक भजनाच्या शेवटच्या कडव्यात गुंफलं. ही मुद्रा घालण्याची रीत आपल्या संतपरंपरेतली जुनीच. पण तिचा एक रोकडा उपयोग आहे. भजन कोणीही म्हणो, कुठल्याही गावात म्हणो, शेवटी कर्त्याचं नाव ऐकणाऱ्याच्या कानावर पडतंच. छापील वही नसली तरी नाव हरवत नाही.

आडकोजी गेले आणि हा मुलगा रानात निघाला. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, चिमूरजवळचं गोंदोडा. चरित्रकार याला तपश्चर्येचा काळ म्हणतात आणि ते खरंच आहे. मला मात्र त्यात गायकाची घडणही दिसते. गावोगाव, यात्रा-जत्रांत, मंदिराच्या ओट्यावर, ध्वनिवर्धक नसताना हजारेक माणसांना शब्द न् शब्द कळेल असा गळा काही बैठकीत बसून तयार होत नाही. त्यांच्या आवाजातली जुनी ध्वनिमुद्रणं आज मोबाइलवरही मिळतात. ती ऐकताना पहिल्यांदा लक्षात येतो तो मोकळा, वर चढणारा, ताणलेला स्वर. हरकती-मुरक्यांचा सोस नाही. शब्द सरळ फेकलेला आणि मागं खंजिरी.

या खंजिरीजवळ थोडं थांबू. लाकडाचं वीतभर कडं, एका बाजूनं ताणून बसवलेलं कातडं, कड्याला पाडलेल्या खाचांमध्ये पितळेच्या चकत्या. बस्स, एवढंच वाद्य. हवेत ओल असली की कातडं सैल पडतं, आवाज बसतो. मग भजनाआधी शेकोटी करतात, नाहीतर कागदाचा जाळ करतात आणि त्यावर खंजिरी धरतात. जाळापासून किती वर धरायची, किती वेळ फिरवायची, हे ज्याचं त्याला ठाऊक. जास्त तापलं तर कातडं फाटतं, कमी तापलं तर टणत्कार येत नाही. म्हातारे भजनी शेकताना मधूनमधून बोटानं टिचकी मारतात, कानाजवळ नेतात, पुन्हा जाळावर धरतात. धरलेल्या हाताच्या बोटांनी कातडं आतून दाबलं की घुमारा वर चढतो, सोडलं की खाली जातो. म्हणजे एकाच हातात ठेका, झांज आणि थोडाफार स्वर. आता प्लॅस्टिकच्या पडद्याच्या खंजिऱ्या आल्या, त्यांना शेकावं लागत नाही. त्या बारमाही वाजतात, पण हा खाली जाणारा घुमारा त्यांच्यात नाही.

गरिबाचं वाद्य असंच असावं लागतं. झोळीत मावलं पाहिजे, पायी चालताना वाजलं पाहिजे, आणि एकट्या माणसाला पुरलं पाहिजे. याच जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी तर वाद्याचंही ओझं ठेवलं नाही. त्यांचं कीर्तन प्रश्नोत्तरांवर चालायचं, समोरच्या अडाणी शेतकऱ्याला बोलतं करायचं. महाराजांची रीत दुसरी. त्यांनी माणसांना गातं केलं. धृपद सोपं, दोनदा कानावर पडलं की तिसऱ्यांदा म्हणता येईल असं. कडवं एकट्याचं, धृपद सगळ्यांचं. समेवर टाळी. वऱ्हाडातला माणूस मुळात लाजरा. चारचौघांत उठून बोल म्हटलं तर बोलणार नाही, पण घोळक्यात म्हण म्हटलं की म्हणतो. हे ज्यानं ओळखलं त्याच्या हाती गाव आलं.

भाषेचंही तसंच. महाराजांची भजनं मराठीत आहेत तशीच हिंदीतही आहेत. तेव्हाचा मध्य प्रांत-वऱ्हाड हा दुभाषी प्रांत होता, नागपूर त्याची राजधानी. एका अंगाला अकोला-यवतमाळ, दुसऱ्या अंगाला छिंदवाडा-बैतूल. या सगळ्या टापूत फिरणाऱ्या गायकाला दोन्ही भाषा लागणारच होत्या. त्यांची हिंदी पुस्तकी नाही. आठवडी बाजारात, रेल्वेच्या डब्यात, फौजेतून सुटीवर आलेल्या जवानाच्या तोंडी जी हिंदी असते, ती ही.

१९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. पुढच्याच वर्षी गांधीजींनी त्यांना वर्ध्याजवळच्या आपल्या आश्रमात बोलावून घेतलं आणि महिनाभर ठेवून घेतलं. इथून पुढं भजनांचा विषय बदलत गेला. देवभक्ती होतीच, तिच्या जोडीला गावसफाई, दारूबंदी, अस्पृश्यता, हुंडा, बुवाबाजी हे विषय आले. पहाटे रामधून काढत गाव झाडायचं आणि सांजच्याला एका ओळीत बसून प्रार्थना करायची, हा दिनक्रम गावोगाव रुजला. जात न विचारता एका सतरंजीवर बसणं ही त्या काळच्या खेड्यात साधी गोष्ट नव्हती.

मग १९४२चं ‘चले जाव’ आंदोलन आलं. त्या चातुर्मासात महाराज चिमूरच्या भागात होते आणि रोजच्या भजनाला माणसं लोटत होती. भजन देवाचं की देशाचं हा फरक उरला नव्हता. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटलं. त्याच दिवशी वर्धा नदीपलीकडच्या आष्टीत पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला आणि गोळीबारात माणसं पडली. महाराजांच्या यावलीचं नाव आज ‘यावली शहीद’ आहे ते याच दिवसांमुळं. सरकारला कळून चुकलं की या टापूतली माणसं वर्तमानपत्र वाचून उठलेली नाहीत. वाचता येणारे होतेच किती? ती भजन ऐकून उठली होती. ऑगस्ट संपायच्या आत महाराजांना चंद्रपुरात अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं. गायकाला गाण्यासाठी तुरुंगात टाकावं लागणं, याहून मोठी पावती त्याच्या गाण्याला कोणती मिळणार?

आता जरा लांब जाऊ. अमरावतीच्या बाजारात जटा सोडलेल्या, हसऱ्या, सावळ्या माणसाचं चित्र असलेले टी-शर्ट लटकलेले असतात. धामणगावच्या कॉलेजातली पोरंही ते घालतात. तो बॉब मार्ले, जमैकाचा रेगे गायक. पोरांनी त्याची गाणी फार ऐकलेली असतात असं नाही, पण चेहरा त्यांना माहीत आहे. मी मार्लेची गाणी जसजशी ऐकत गेलो, त्याचं आयुष्य वाचत गेलो, तसतसं मला आपल्या मोझरीचं काहीतरी नव्यानं दिसू लागलं. म्हणून हा वळसा.

जमैका हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. उसाच्या मळ्यांत राबवायला आफ्रिकेतून गुलाम आणून इंग्रजांनी ते वसवलं. १८३८ साली तिथली गुलामी पुरती संपली, मळेवाल्यांना मजूर मिळेनात, तेव्हा १८४५ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, नेले. त्यांच्याबरोबर गांजा गेला, चिलीम गेली, साधूंच्या जटांची आठवण गेली. १९३०च्या दशकात तिथं काळ्या माणसांचा रास्ताफारी पंथ उभा राहिला. लेनर्ड हॉवेल हा त्याचा पहिल्या फळीतला प्रचारक. त्यानं १९३५च्या सुमारास जी पोथी छापली तिच्यावर आपलं नाव न घालता ‘जी. जी. मराघ’ असं घातलं. त्यातलं ‘मराघ’ हे गिरमिटियांच्या तोंडचं ‘महाराज’ असं अभ्यासक मानतात. इकडं मोझरीला आश्रमाचा पाया घातला जात होता तो हाच काळ. हॉवेलनंही पुढं डोंगरावर आपल्या माणसांची वसाहत वसवली, एकत्र राबायचं, एकत्र राहायचं, आणि इंग्रज सरकारचे पोलीस तिच्यावर धाडी घालत राहिले.

या दोन गोष्टींत थेट नातं आहे असं मी म्हणत नाही. पण धागा एका मुळाचा आहे. अमेरिकेत गुलामगिरीवरून १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडं मोर्चा वळवला, आणि १८६७ साली नागपूरपर्यंत आगगाडी धावली. त्या रुळांवरच आमचं धामणगाव ‘रेल्वे’ झालं, सुमारे ४५ किलोमीटरवरच्या यवतमाळचा कापूस इथं येऊन गाडीत चढू लागला. एका साम्राज्यानं एकीकडं ऊस आणि एकीकडं कापूस पिकवून घेतला. दोन्हीकडच्या राबणाऱ्यांना बोलायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ते गाण्यातून बोलले.

मार्लेचा जन्म ६ फेब्रुवारी १९४५चा, सेंट अॅन परगण्यातल्या नाइन माइल नावाच्या खेड्यातला. बाप गोरा, आई काळी, आणि बाप घरात नसल्यातच जमा. पोर आईबरोबर किंग्स्टन शहराच्या ट्रेंचटाउन वस्तीत आलं. पत्र्याची घरं, रोजगार नाही. तिथं पीटर टॉश आणि बनी वेलर हे सोबती भेटले, १९६३ साली ‘वेलर्स’ ही मंडळी जमली. क्लबात जायला पैसे नसलेल्या माणसांसाठी तिथं रस्त्यावर मोठमोठे कर्णे लावून तबकड्या वाजवायची रीत होती, तिला ‘साउंड सिस्टिम’ म्हणत. गाणं चालतं की पडतं याचा निकाल त्या रस्त्यावर लागायचा. १९६८च्या आसपास या गाण्याचा वेग मंदावला, ठेका बदलला, आणि त्याला रेगे हे नाव पडलं.

ठेक्याचं वेगळेपण आपल्या कानाला लगेच कळतं. आपल्या भजनी ठेक्यात पहिल्या मात्रेवर सम, सगळा जोर तिथं, टाळीही तिथंच. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ नावाच्या ठेक्यात पहिली मात्रा मोकळी सोडतात, ढोल तिसरीवर पडतो, आणि गिटार दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर तुटक छेडतात. जिथं आपण टाळी वाजवू तिथं काहीच नाही! पहिल्यांदा ऐकणारा अडखळतो, मग अंग आपोआप डुलू लागतं. चाल वेगळी, पण काम तेच. ठेका आधी माणसाचं अंग ताब्यात घेतो आणि मग शब्द आत शिरतात. उपदेश नुसता ऐकला तर अंगावर येतो, ठेक्यातून आला तर तोच उपदेश माणूस स्वतःच्या तोंडानं म्हणतो.

१९७३ साली लंडनच्या आयलंड कंपनीनं वेलर्सची तबकडी काढली आणि मार्ले जगभर गेला. ३ डिसेंबर १९७६च्या रात्री किंग्स्टनमधल्या त्याच्या घरात बंदूकधारी शिरले. छातीला आणि दंडाला जखम झाली. दोनच दिवसांनी तो ठरलेल्या कार्यक्रमात उभा राहून गायला. २२ एप्रिल १९७८च्या मैफलीत त्यानं एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन पक्षांचे पुढारी, पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि एडवर्ड सियागा, मंचावर बोलावून त्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले. १९८०च्या एप्रिलमध्ये झिम्बाब्वे स्वतंत्र झाला त्या सोहळ्यात तो गायला. ११ मे १९८१ला, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, कर्करोगानं गेला. तुकडोजी महाराजांनाही कर्करोगानंच नेलं, एकोणसाठाव्या वर्षी.

एक फरक सांगितलाच पाहिजे. रास्ताफारी गांजा पवित्र मानतात, आणि आमच्या महाराजांनी व्यसनमुक्तीसाठी हाडाची काडं केली. दोघांना एका मापानं मोजता येणार नाही, मोजूही नये. माझं म्हणणं वेगळं आहे. मार्लेचं किंग्स्टनच्या होप रोडवरचं ५६ नंबरचं घर १९८६ पासून संग्रहालय आहे. त्याच्या एकेका गाण्याच्या किती आवृत्त्या झाल्या, कुठल्या स्टुडिओत, ढोलावर कोण होतं, हे सगळं नोंदलेलं आहे. २०१८ साली युनेस्कोनं रेगेला मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतलं. त्या लहानशा बेटानं आपल्या गायकाला गायक म्हणून जपलं. आपण मात्र महाराज संत झाल्यावर त्यांच्या गाण्याची वही मिटली. महाराजांच्या अमुक भजनाची चाल मुळात कुठली, लावणीची की पोवाड्याची की कव्वालीची, ते ती दरवेळी तशीच गात की बदलत, साथीला कोण असे, हे विचारणारा माणूस मला क्वचितच भेटला.

महाराज पुढं पुष्कळ फिरले. १९५५ साली जपानला विश्वधर्म परिषदेला गेले आणि तिथंही गायले. त्याच साली ग्रामगीता आली, ४१ अध्याय आणि ४६७५ ओव्या. तिच्यावर इतकं लिहिलं गेलंय की इथं थांबत नाही. डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटलं ते दिल्लीत त्यांचं भजन ऐकून, हे मात्र ध्यानात ठेवण्यासारखं आहे. विनोबांच्या भूदानासाठी ते गात फिरले. १९६२ आणि १९६५च्या लढायांत सीमेवर जवानांपुढं त्यांनी खंजिरी वाजवली. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला हिमालयाच्या थंडीत उभं करणारी गोष्ट तीच होती, जी त्याला वरखेडच्या ओट्यावर उभं करत होती.

त्यांच्या पश्चात खंजिरी थांबली नाही, ही वऱ्हाडाची भाग्याची गोष्ट. खंजिरी भजन स्पर्धा गावोगाव होतात. बायकांची मंडळं येतात, शाळकरी पोरांची येतात, आणि रात्र सरून गेली तरी परीक्षक जागचे हलत नाहीत. अकोल्याकडचे सत्यपाल महाराज तर सात खंजिऱ्या एकट्यानं वाजवतात. अंधश्रद्धा, हुंडा, दारू यांच्यावर असा फटका मारतात की मांडवात हशा पिकतो आणि हसता हसता माणूस खाली मान घालतो. मे २०१७मध्ये मुंबईत कार्यक्रमानंतर त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. बरे झाले आणि पुन्हा खंजिऱ्या मांडून बसले. गाण्याला धार असली की गाणाऱ्यावर वार होतो, हे किंग्स्टनला जसं खरं तसं इथंही.

ज्यांनी महाराजांना समोर बसून ऐकलं, ती पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. महाराजांच्या जाण्याला अर्धशतक उलटून गेलं. या म्हाताऱ्यांना चाली पाठ आहेत, त्या वहीत नाहीत. वहीत शब्द आहेत. गाडगेबाबांचं अखेरच्या दिवसांतलं वांद्र्याचं एक कीर्तन कोणीतरी ध्वनिमुद्रित केलं, म्हणून आज बाबांचा आवाज आपल्याला ऐकता येतो. ते झालं नसतं तर नुसत्या आठवणीच उरल्या असत्या.

म्हणून धामणगाव, चांदूर, तिवसा, मोर्शी, चिमूर, आष्टी, जिथं जिथं हा अंक पोचेल तिथल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात, घरात असा एखादा भजनी आजोबा किंवा भजनी आजी असेल, तर या दिवाळीच्या सुटीत त्यांच्यासमोर बसा. मोबाइल मधे ठेवा, पंखा बंद करा, टीव्ही बंद करा, आणि त्यांना गाऊ द्या. चाल कुणाकडून घेतली, कुठल्या साली, कुठल्या गावात, हे विचारा आणि तेही त्याच ध्वनिमुद्रणात येऊ द्या. गळा बसलेला असेल, मधेच ओळ विसरतील, खोकतील. ते कापू नका. महाराजांच्या हातच्या किंवा त्यांच्या काळातल्या भजनांच्या हस्तलिखित वह्या असतील तर पानांचे फोटो काढून ठेवा. मग त्याची एक प्रत गावच्या शाळेत द्या, एक गुरुकुंजात द्या. हे काम या वर्षी करावं लागेल, पुढच्या दिवाळीला त्यांतले सगळे असतीलच असं नाही.